चाखल्याची सही

रेखाचा फोन आला तेव्हा मी बारामतीजवळ जळोचीच्या घरी दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होते. "बाई, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मग जरा थांबून, "पहाटं गेली. झोपंतच. काय तरास झाला न्हाय." तीन वाक्यांत संपलं. तिच्या आईला हेच सांगायला पंधरा मिनिटं लागली असती. आदल्या दिवशी काय खाल्लं, भाकरीचं पीठ कुठल्या गिरणीतलं, पाणी कुठल्या हंड्यातलं, हंडा कधी घासला... हे माझ्या मनात आलं आणि स्वतःचीच शिसारी आली. बाई मेली होती आणि मी तिच्या बोलण्याची लांबी मोजत होते.

कौसल्या त्यांचं नाव. गावात कौसाकाकू, मी कौसाबाई म्हणायची. त्या आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या आणि मी तिथं शिक्षिका होते. भिगवणपासून पुढं, डाळजच्या बाजूला, महामार्ग सोडून उसाच्या रानातून आत गेलं की लागणारं लहानसं गाव. नाव लिहीत नाही. गावाची बदनामी नको म्हणून नव्हे. एकाचं नाव घेतलं की बाकीची गावं हात झटकून मोकळी होतात, तसं मला होऊ द्यायचं नाही.

तेव्हाच्या कौसाबाई फार कमी बोलायच्या. नवरा लवकर गेलेला, एकुलती मुलगी रेखा सुप्याला दिलेली, घरची दीड एकर जमीन दिराकडं वाट्यानं. सकाळी नऊला यायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि शाळेमागच्या पत्र्याच्या शेडात डाळ निवडायला बसायच्या. एखादं पोर डोकावून विचारायचं, "काकू, आज काय?" तर म्हणायच्या, "ताटात बघ." एकदा वरून आलेल्या एका साहेबांनी तेल किती घालता, मीठ किती घालता, असं विचारायला सुरुवात केली. कौसाबाईंनी पळीभर खिचडी ताटलीत घालून त्यांच्यापुढं धरली. "चाखा की," म्हणाल्या. तेवढाच खुलासा. साहेबांनी चाखली आणि अजून मागितली.

आता माझं लिहिते. मुलांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं जेवण चाखायचं आणि चवीच्या रजिस्टरात सही करायची, असा नियम आहे. आमच्या शाळेत ते काम माझ्याकडं होतं. मी चाखत नव्हते. शेडाच्या भिंतीवर काजळी होती, कोपऱ्यात पाल असायची, पळीच्या दांड्याला हळदीचा थर चढलेला असायचा. मला तिथलं खायला नको वाटायचं. जे साठ मुलं रोज खात होती ते मला नको वाटायचं, आणि मी बारामतीहून माझा डबा आणायची. कौसाबाई रोज एक वाटी माझ्यासाठी झाकून टेबलावर ठेवायच्या. मी ती शेडामागं कुत्र्याला ओतायची आणि येऊन सही करायची. कधीकधी शनिवारी आठवड्याच्या सह्या एकदम. एक दिवस वाटी निम्मीच भरलेली होती. मी बघितलं, तर त्या म्हणाल्या, "थोडीच ठेवलीया, बाई. वाया जातंय." टोमणा नव्हता त्यात. त्यांना फक्त माहीत होतं.

दिवाळीनंतरचे दिवस होते. मटकीची खिचडी होती. जेवणानंतर तासाभरात दुसरीतली एक मुलगी ओकली, मग तिच्या शेजारचा, मग पहिलीतली तिघं. बघता बघता दहा-बारा मुलं व्हरांड्यात पोट धरून बसली. जीप आली, मुलांना दवाखान्यात नेलं. आरोग्य खात्याची माणसं आली, खिचडीचा नमुना बाटलीत घेतला, टाकीच्या पाण्याचाही घेतला. इथंच सांगून टाकते की सगळी मुलं दोन दिवसांत बरी होऊन घरी आली. पण त्या दुपारी ते कुणाला ठाऊक नव्हतं. आईबाप रानातून, उसाच्या फडातून, मिळेल त्या वाहनानं शाळेत आले. त्यांचं चिडणं मला समजतं. पुढं जे झालं ते मात्र मला आजही गिळता येत नाही.

कुणीतरी उरलेल्या खिचडीचं पातेलं ओढत अंगणात आणलं. "तूच रांधलीस ना? मंग खा," एक जण म्हणाला. कौसाबाई खाली बसल्या. ताट कुणी दिलं नाही. पातेल्यात हात घालून त्या खाऊ लागल्या. खिचडी गार होऊन घट्ट बसली होती, वर माश्या. घासागणिक त्या सांगत होत्या, "डाळ मी दोनदा निवडली... मटकीला घरीच मोड आणल्यात... तेलाचा पुडा सकाळी ह्या पोरांच्या म्होरं फोडलाय... झाकण काढलंच न्हाय वाढूस्तोवर..." तोंडातला घास आणि बोलणं एकमेकांत अडकत होतं. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी खाणं थांबेना आणि सांगणं थांबेना. तिघा-चौघांनी मोबाइल वर धरले होते. "अजून खा," मागून एक बाई म्हणाली. मी व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी होते. आयुष्यात इतकं कधीच न बोललेली ती बाई त्या दिवशी बोलायला लागली, ती मरेपर्यंत बोलतच राहिली.

त्यांना काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी गावात त्याचाही अर्थ लागला. तिनं कडेचं कडेचं खाल्लं. तिला ठाऊक व्हतं कुठलं खायाचं ते.

आठवड्यानं इंदापूरहून चौकशीला अधिकारी आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलापाशी ते, शेजारी मुख्याध्यापक, समोर मी, आणि दाराजवळच्या बाकावर कौसाबाई. त्यांना पहिला प्रश्न होता, झाकण ठेवलं होतं का. एका 'व्हय'नं भागलं असतं. पण कौसाबाईंनी सकाळपासून सुरुवात केली. त्या किती वाजता उठल्या, हात कशानं धुतले, मोहरी कुठल्या दुकानातली, पातेलं कुणी उतरवायला मदत केली. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. "बाई, मुद्द्याचं बोला." त्या अजून घाबरल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या. बघणाऱ्याला ही बाई दोषीच आहे असं वाटावं, असंच ते दिसत होतं.

मग अधिकाऱ्यांनी चवीचं रजिस्टर उघडलं. "मॅडम, ही सही तुमची?"

"हो."

"चाखली होती?"

"हो."

"कशी होती?"

"मी चाखली तेव्हा ठीक होती."

'तेव्हा' हा शब्द मला कुणी शिकवला नव्हता. तो आपोआप जिभेवर आला. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं की जेवण चाखल्यानंतर बिघडलं असावं. म्हणजे माझी सही सुटली. राहिलं ते झाकण, ते पातेलं आणि ते हात, आणि ते सगळं एकाच बाईचं होतं. मी वर बघितलं. कौसाबाई माझ्याकडं बघत होत्या. रोजची वाटी त्याच धूत होत्या, आणि शेडामागच्या कुत्र्याला मी काय घालते हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मोहरीचं दुकानसुद्धा सांगायचं न सोडणारी ती बाई यावर एक अक्षर बोलली नाही. पदर नीट केला आणि खाली बघत बसली. मला वाटलं, आता बोलेल, मग बोलेल... संध्याकाळी बारामतीच्या गाडीत बसल्यावर मला हायसं वाटलं. हो, हायसंच. दुसरा शब्द शोधून बघितला, सापडला नाही.

कौसाबाईंचं काम सुटलं. दुसऱ्या बायकांच्या गटाकडं गेलं. नमुन्यांचा अहवाल कधी आला ते शाळेत कुणी विचारलंही नाही. विचारलं ते कौसाबाईंनी. सात-आठ महिने त्या इंदापूरला हेलपाटे घालत होत्या. पहाटेची कामं उरकून निघायच्या, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जायच्या, जो भेटेल त्याला पहिल्यापासून सगळं सांगायच्या. मला वाटतं शेवटी कुणीतरी कंटाळूनच त्यांना कागदाची झेरॉक्स दिली असेल. त्या तो कागद घेऊन शाळेत आल्या. खिचडीत काही दोष नव्हता. पाणी पिण्यास अयोग्य होतं. गच्चीवरची टाकी मग उघडून बघितली होती म्हणे, तेव्हा आत कबूतर मरून सडलेलं निघालं होतं, आणि टाकी गुपचूप धुऊनही झाली होती. टाकी महिन्याला साफ केल्याचंही एक रजिस्टर असतं. त्यात दर महिन्याला मुख्याध्यापकांची सही होती.

"सर," कौसाबाई म्हणाल्या, "पोरांच्या आईबापास्नी बोलवा, आन त्यास्नी ह्यो कागद वाचून दावा. मला काम नगं. निस्तं वाचून दावा."

मुख्याध्यापकांनी कागद उलटसुलट केला. "कौसाबाई, कशाला जुनं उकरता? लोक विसरले आता."

"लोक इसरलं न्हाईत, सर. लोक माझ्या हातचं खात न्हाईत."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी वह्या तपासत होते. मान वर केली नाही. तो कागद मी उठून वर्गात, फळ्यापाशी, पालकांच्या सभेत, कुठंही वाचू शकले असते. पण पाण्याचा विषय निघाला की सह्यांचा निघणार, आणि एका सहीचा निघाला की दुसरीचा. मुख्याध्यापक आणि मी याबद्दल एकमेकांशी कधीच बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती. चोरांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागत नाही.

कौसाबाईंनी तो कागद भिगवणला नेऊन प्लॅस्टिकमध्ये घालून घेतला आणि पिशवीत बाळगू लागल्या. वाचता फारसं येत नव्हतं, पण 'अयोग्य' हा शब्द कितव्या ओळीत आहे ते त्यांना पाठ होतं, बरोबर तिथं बोट ठेवायच्या. बाजारात भाजीवाल्याला दाखवायच्या, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला दाखवायच्या. संक्रांतीला हळदीकुंकवाला तिळगूळ घेऊन गेल्या की वाटता वाटता सुरू व्हायच्या. तीळ तीन पाण्यांनी धुतले, दोन दिवस वाळवले, गूळ अमक्याच्या गुऱ्हाळावरचा, ताजा. बायका हसून तिळगूळ घ्यायच्या आणि रुमालात बांधायच्या. तोंडात कुणी टाकायची नाही. त्यांच्यामागं म्हणायच्या, "एवढं सांगतीया म्हंजी काय तरी असणारच की." हे मी स्वतः ऐकलं आहे, आणि ऐकून गप्प बसले आहे. न सांगावं तर लपवते, सांगावं तर सारवासारव करते. यातून त्या बाईनं कुठून वाट काढायची होती? ज्या बायका असं म्हणायच्या त्यांच्याच घरांत जेवणावळीला पूर्वी कौसाकाकूंची आमटी लागायची.

मी बदली मागून घेतली आणि बारामतीजवळच्या शाळेत आले. गाव सुटलं, असं मला वाटलं. कौसाबाईंनी मला सोडलं नाही. वर्षातून दोन-तीनदा त्या जळोचीला यायच्या. कधी शेंगदाण्याची चटणी, कधी पुरणपोळ्या, कधी नुसत्या ज्वारीच्या गरम भाकरी फडक्यात बांधलेल्या. खुर्चीवर बसायच्या नाहीत, दारापाशी टेकायच्या आणि सांगायच्या. "पुरण म्या स्वता वाटलंय, बाई. डाळ रातच्याला भिजत घातली न्हाय, सकाळीच घातली, रातच्याला वास लागतो. कणीक चाळणीनं दोनदा..." मी म्हणायची, "असू द्या हो कौसाबाई, मला माहीत आहे." त्या ऐकायच्या नाहीत. त्यांना बहुतेक माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, की मी त्यांच्या समोर एक घास खावा. मी म्हणायची, आत्ताच जेवण झालंय, संध्याकाळी खाईन. त्या मान हलवायच्या.

आणि त्या गेल्यावर... लिहायला बसले आहे तर लिहिते. मी ते खाल्लं नाही. एकदाही नाही. कागद मी वाचला होता. दोष पाण्यात होता हे जगात मला सगळ्यात नीट ठाऊक होतं. तरी डबा उघडला की ते पातेलं, त्या माश्या, तोंडातून सांडणारे ते घास समोर यायचे आणि हात पुढं व्हायचा नाही. आम्ही एका स्वच्छ बाईला आमच्या समोर घाण केलं, आणि पुन्हा तिचीच किळस करत राहिलो. मोलकरणीला डबा देताना मी तिला सांगायची, चांगलं आहे, खा. ती खायची. तिला पुढं कधी काही झालं नाही हेही मी लक्ष ठेवून बघायची.

दहनाला मी पोहोचले नाही. दहाव्याला गेले. धरणाच्या फुगवट्याच्या काठावर घाट आहे, तिथं शंभरेक माणसं जमली होती. पिंड ठेवला. कावळा येईना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आमच्या मागं बायकांच्या घोळक्यात कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "कावळ्याला बी शंका आली जणू." आणि दोघी-तिघींनी पदरात तोंड घालून हसू दाबलं. मी वळून बघितलं नाही.

मग भाषणं झाली. आमच्याकडं दहाव्याला माईक असतोच. माजी सरपंच बोलले, ज्यांचा मुलगा तेव्हा मोबाइल धरून उभा होता. आता निवृत्त झालेले मुख्याध्यापक बोलले. "कौसाकाकू म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. आमच्या शाळेतल्या मुलांच्या कैक पिढ्या त्यांच्या हातचं खाऊन मोठ्या झाल्या," असं त्यांनी न अडखळता सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. आणि मग कुणीतरी म्हणालं, मॅडम बारामतीहून आल्यात, त्यांनी दोन शब्द बोलावेत. माईक माझ्या हातात आला. सात वर्षं मी ज्या एका वाक्याला घाबरत होते ते सांगायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती. समोर सगळे तेच होते. रेखा पहिल्या रांगेत खाली बसली होती. मी म्हणाले, कौसाबाई कष्टाळू होत्या, प्रेमळ होत्या, त्यांच्या हाताला चव होती. हाताला चव होती, असं मी म्हणाले. मी. आणि माईक पुढं दिला. लोक उठून चपला शोधू लागले तेव्हा मागं कावळा येऊन पिंडाला शिवून गेला होता. कुणाचं लक्षही नव्हतं.

तेराव्याला मी पुन्हा गेले. घरापुढं मांडव होता. पंक्ती बसायच्या आधी एका पाहुण्यानं रेखाला बाजूला घेऊन विचारलं, "आचारी बाहेरचा हाय न्हवं?" रेखा म्हणाली, "व्हय मामा, बाहेरचा हाय. जेवा निवांत." मग सगळे निवांत जेवले. दुसऱ्यांदा जिलेबी मागून घेतली.

चार वाजेपर्यंत माणसं पांगली. मांडववाले कापड सोडू लागले. मी रेखाला म्हणाले, "रेखा, मला तुझ्याशी बोलायचंय." ती थांबली. मी म्हणाले, "त्या दिवशी मी खिचडी चाखली नव्हती. मी कधीच चाखत नव्हते. चौकशीत मी खोटं बोलले."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "आईनं सांगितलं व्हतं."

"मग त्या बोलल्या का नाहीत? त्या तिथंच तर होत्या..."

"मी बी इचारलं व्हतं. म्हणली, बाईंनी चाखली न्हाय असं म्या म्हणलं तर माझ्यावर कोण इस्वास ठेवंल? म्हणतील, आता बाईंवर ढकलतीया."

मला वाटत होतं की त्यांनी मला वाचवलं. इतकी वर्षं मी त्याचं ओझं बाळगलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात एक सुखही होतं, की कुणी आपल्यासाठी एवढं केलं. तसं काही नव्हतं. आपलं कुणी ऐकणार नाही एवढंच त्यांना कळलेलं होतं. मी बोलू लागले. तेव्हा माझी नोकरी नवीन होती, घरी मुलगा लहान होता, नवऱ्याचं काम सुटलेलं होतं, वाटी शेडामागं न्यायची सवय कशी लागली, अहवाल आला त्या दिवशी मी का उठले नाही... मी सांगतच होते. हे असं पहिल्यापासून सगळं सांगणं मला ओळखीचं वाटायला लागलं, तरी मला थांबता येईना.

"बाई," रेखा म्हणाली, "पुरं."

मांडवाचं पुढचं कापड तेवढ्यात खाली आलं आणि ओट्यावरची चूल दिसली. रस्त्याला अगदी लागून, उन्हापावसाच्या तोंडावर, वर पत्र्याचा एक तुकडा. आत स्वयंपाकघर असताना चूल बाहेर का, म्हणून मी विचारलं.

"आईनं आणली हिकडं. काम सुटलं त्या साली," रेखा म्हणाली. "म्हणली, मी काय रांधती, कसं रांधती, जाणाऱ्या-येणाऱ्यानं बघावं. धूर डोळ्यांत जायचा, पावसात लाकडं भिजायची. तरी हितंच बसायची, रस्त्याकडं तोंड करून. कोण गेलं की हातातलं जरा वर उचलून दावायची."

तिनं काटक्या मोडून चुलीत सारल्या, चहाचं भांडं ठेवलं. रस्त्यानं एक मोटरसायकल आली, चालवणाऱ्यानं जरा वेग कमी करून ओट्याकडं बघितलं. रेखा उठली, पाट उचलून चुलीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला आणि रस्त्याकडं पाठ करून बसली. चहात तिनं काय घातलं, किती घातलं, ते मला दिसलं नाही. तिनं कप माझ्यापुढं ठेवला. काही सांगितलं नाही. मी तो तिच्या समोर बसून सगळा प्यायले.